निवायला ठेवलेला निरोप

बशीत चहा ओतायचा, बशी दोन्ही हातांत धरायची आणि तिच्यावरून उठणाऱ्या वाफेकडे बघत राहायचं, ही आमच्या गल्लीतल्या आबांची रोजची बैठक. मध्येच कुणी काही विचारलं, अगदी "आबा, लाईट कवा येणार?" एवढंच, तरी ते वर न बघता म्हणायचे, "निवू दे." चहा निवायचा, ते प्यायचे, मिशा पुसायचे आणि मग उत्तर द्यायचे. तोवर बहुतेक वेळा लाईट आलेली असायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे घाईच्या जगात एका जागी बसलेलं असतं आणि आपण त्याच्या भोवतीने धावत असतो. मला आबांविषयी नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. लिहायचं म्हटलं की अजून हात थबकतो. पण यंदा सांगलीला आमच्या वर्गाला लेखासाठी विषय मिळाला, 'ऑनलाइन चर्चामंच चालवताना होणाऱ्या चुका'. मी इंटरनेटवर शोधलं. वाचता वाचता मला हसू यायला लागलं, आणि मग हसू कुठे गेलं कळलं नाही. यातली एकेक चूक मी आबांच्या ओसरीवर बसून पाहिली होती.

आमच्या विट्याकडच्या गावांतली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. कुणी अमृतसरला, कुणी कोचीला, कुणी गुवाहाटीला. आबांचं दुकान तमिळ मुलखात, सेलमला. उमेदीचा सगळा काळ त्यांनी तिथे भट्टीपुढे काढला आणि त्यांची बायको, आमची आजी, गेल्यावर दुकान मुलाच्या हाती देऊन ते एकटेच गावी परतले. इथे थोडा ऊस होता, एक म्हैस होती, आणि बोलायला कुणी नव्हतं. गावातली अर्धी घरं कुलुपात. कुलपांचे मालक व्हॉट्सॅपवर.

"त्या ग्रुपात काय जीव न्हाई बघ," आबा मला म्हणाले होते. "सकाळी उठावं तर नुसती फुलं. फुलांच्या ढिगात माणूस घावत न्हाई. मला पार पायजे. एका कडंला शेतीचं बोलणं, एका कडंला धंद्याचं, एका कडंला उगंच."

मी कॉलेजात शिकत होते तेवढ्यावर त्यांना एक चर्चामंच उभा करून दिला. त्याचं नाव आम्ही 'पार' ठेवलं. चालक दोघं, आबा आणि मी. नियम मात्र आबांनी एकच सांगितला, तसाच मी लिहिला: 'पारावर चप्पल काढून बसावं.' अमृतसरहून लगेच कुणीतरी विचारलं, "म्हंजी नक्की काय करायचं?" आबांनी उत्तर दिलं, "ज्याला कळंना त्यानं पाय धुऊन यावं." त्यावर आणखी प्रश्न आले.

नवा सदस्य आला की आबा स्वतः लिहायचे, "या, बसा, पाणी घ्या." कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचे नाहीत. एकाने म्हशींसाठी वेगळा विभाग मागितला, दिला. दुसऱ्याने लगेच शेळ्यांसाठी मागितला, तोही दिला. बघता बघता माणसांपेक्षा विभाग जास्त झाले. मी म्हटलं, "आबा, रिकाम्या खोल्या बघून माणसं परत जातात." ते म्हणाले, "आपल्या गावासारखंच दिसतंय मग. त्येंना परकं वाटायचं न्हाई."

मी पुढचा विभाग उघडून दिला.

एकदा कोचीचा एक आणि अमृतसरचा एक, दोघं चुलतभाऊ, भांडायला लागले. विषय गावच्या जुन्या विहिरीचा. एक म्हणे शाळेच्या डाव्या अंगाला, दुसरा म्हणे उजव्या. दोघांनीही कित्येक वर्षांत गाव बघितलं नव्हतं. "तुला डावं-उजवं कवा कळलं रं? शाळेतबी चप्पल उलटी घालून यायचास," इथपर्यंत गोष्ट गेली. आबा काठी घेऊन उठले, मीही मागे गेले. शाळेमागे एरंड माजला होता. विहीर बुजवलेली होती. मी मोबाइल काढला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"फोटू नगं. बुजवली म्हणून सांगू नगंस. त्येंची अजून भरल्याली हाय, असू दे."

पारावर त्यांनी लिहिलं, "दोघांचंबी बरोबर हाय. येणाऱ्यावर हाय, कुठनं येतोय ते." भांडण थांबलं. त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते आणि मला खरंच वाटलं, की कुठेतरी ती विहीर आहे आणि दोन मुलगे तिच्या काठाशी पाण्यात डोकावून बघताहेत.

या भांडणानंतर आबांनी एक निर्णय घेतला. कुणाचाही निरोप थेट पारावर जाणार नाही. आधी तो आमच्या दोघांकडे येईल, आम्ही वाचू, मग लावू. निरोप थांबतात त्या रांगेला आबा 'मूस' म्हणायचे. सोनं वितळवतात त्या मातीच्या भांड्याला मूस म्हणतात. "मुशीतनं काढलेलं लगीच हातात घेतलं तर हात जातोय," ते म्हणायचे. "माणसाचं बोलणंबी गरमच बाहेर पडतंय. निवू दे, मग लावू."

इंटरनेटवर वाचलं त्यात ही चूक फार वरती होती. माणूस बोलतो आणि त्याचं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही. थोडा वेळ वाट बघतो, मग उठून जातो. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला आबांची पद्धत शहाणपणाची वाटायची.

एके दिवशी मुशीत एक निरोप आला. सदस्याचं नाव 'धुकं'. पारावर कुणी खरं नाव लावायलाच पाहिजे असं नव्हतं. मी पहिली ओळ वाचून दाखवली: 'घरातलं बोलायचं आहे, चालेल का?'

आबांच्या हातात बशी होती. "घरातलं हाय," ते म्हणाले. "लय गरम असतंय. निवू दे."

मग माझ्या परीक्षा आल्या, त्यांच्या उसाला तोड आली. निरोप तसाच राहिला. पुढे 'धुकं'चा दुसरा निरोप आला, एकाच ओळीचा: 'माझं खातं काढून टाका.'

"का गं?" आबांनी विचारलं. "पाणी घ्या म्हणलं न्हवतं का?"

"म्हटलं होतं. पण त्यांचा पहिला निरोप आपण लावलाच नाही."

"वाच बघू."

मी वाचला. पहिल्या ओळीपुढे तो असा होता, मला जवळजवळ पाठ आहे.

'मी मेढ्याकडची. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं दारातून आत येतं. इथे सेलमला नुसतं ऊन. दिवसभर तमिळ ऐकते. मुलगीही माझ्याशी तमिळच बोलते. घरातली माणसं दुकानातून वर येतात ती दमून गप्प येतात. सुट्टीला गावी जातो तेव्हा सासरे असतात. फार भले आहेत. पण बशीत चहा ओततात आणि तो निवेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. मी दाराआड उभी राहते. वाटतं, निवल्यावर तरी काही विचारतील. ते चहा पितात आणि शेताकडे जातात. माझं पोटातलं गेलं तेव्हा ते मुद्दाम गावाहून आले होते. तेव्हाही चहा प्यायले. मला फक्त कुणीतरी विचारावं असं वाटतं.'

मी मान वर केली नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिली. आबांच्या बशीतल्या चहावर साय धरली होती.

"आमची सून हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कदाचित दुसरं कुणी…"

"पार कोण चालवतंय ते तिला ठावं हाय, पोरी. म्हंजी तिनं पारावर न्हाई लिवलं. मला लिवलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "आन् मी निवायला ठिवलं."

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर येते ती डोक्यावर पदर घेऊन, चहा ठेवते आणि मागे सरते. तिने आपणहून बोलावं हे रीतीत बसत नाही, आणि त्याने विचारावं हेही फारसं नाही. तुम्ही आमच्या भागातले असाल तर हे सांगायला नको. आबा वाईट नव्हते. रीत त्यांना इतकी अंगवळणी पडली होती, की दाराआड कुणी उभं असतं हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तुमच्या मुलाला फोन लावू का?"

"आजाबात न्हाई." ते पहिल्यांदाच चहा न पिता लगेच बोलले. "तिनं नाव झाकलंय. पारावर आल्यालं माणूस झाकून आलं तर आपण पदर वढायचा न्हाई. घरात कळलं तर उद्या तिला त्वांड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाई."

"मग?"

"मग लिव. चालक म्हणून लिव."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'तुमचा निरोप आमच्याकडे अडकून राहिला. चूक आमची आहे. खातं काढायचं असेल तर काढतो. पण त्याआधी तो पारावर लावायची परवानगी द्याल का? सेलमचं नाव आणि दुकानाचं काढून लावू.'

उत्तर येईपर्यंत आबा माझी वाट बघत रोज एसटीच्या थांब्यापर्यंत यायला लागले. मी सांगलीहून उतरले की नुसते बघायचे. मी नकाराची मान हलवली की माझी पिशवी घ्यायचे आणि पुढे चालायचे. अशा एका संध्याकाळी, थांब्यावरच, मोबाइलवर एक शब्द उमटला: 'लावा.'

आम्ही लावला, आणि त्याच दिवशी मूसही बंद केली. पुढून ज्याचं त्याचं बोलणं थेट जाईल असं ठरलं.

मग गुवाहाटीच्या एका बाईने लिहिलं, 'आमच्याकडे सासरे पेपर धरतात.' मग एकीने लिहिलं, 'आमच्याकडे टीव्ही.' आजवर ज्यांची नावंसुद्धा पारावर दिसली नव्हती त्या बायका कुठून कुठून यायला लागल्या, संध्याकाळी एकेका घरात दिवा लागत जावा तशा. कुणी पंजाबातून, कुणी ओडिशातून. एकाने मध्येच टोमणा मारला, "आता पारावर सुनांचं रडगाणं ऐकायचं व्हय?" मी तो पुसायला निघाले. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बघू बायका काय करत्यात." बायकांनी त्याला विचारलं, तुमच्या सुनेचं माहेर कुठलं, सांगा. त्याला सांगता आलं नाही. तो गेला आणि मागाहून येऊन लिहून गेला, 'लोणंद. आत्ताच विचारलं.'

सगळे थांबल्यावर आबांनी स्वतःच्या बोटाने लिहिलं. अक्षरं शोधत, माझी मदत न घेता. 'तुमच्या सासऱ्याला विचाराया येत नसंल. भट्टीपुढं बसून सवय गेली असंल. तुमी रागवा त्याला.'

'धुकं'ने लिहिलं, 'राग नाही. समोर आले की बोलता येत नाही.'

'मग लिवून बोला.'

'लिहिलं होतं.'

आबांनी त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. मग लिहिलं, 'व्हय. वाचलं त्येनं. उशिरा वाचलं.'

त्यानंतर दोघं पारावर बोलायला लागले, उघड्यावर, सगळ्यांसमोर, जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. तो चालक, ती धुकं. त्याने विचारावं, मेढ्याला भात कुठला लावतात. तिने सांगावं, माझ्या वडिलांचं खाचर अगदी कड्याखाली आहे. मुलगी कितवीला आहे, हेही त्याने विचारलं. स्वतःच्या नातीची इयत्ता. मी वाचायचे तेव्हा मला वाटायचं, दोन माणसं दाट धुक्यात उभी आहेत, एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून हाका मारायची सोय झाली आहे. पोटातलं गेलं त्याविषयी त्याने विचारलं ते सगळ्यात शेवटी. तिने उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही.

मग एक दिवस तिने लिहिलं, 'ते इथे येतील का, विचारायचं होतं.'

आबांनी म्हैस आमच्या घरी बांधली. ऊस माझ्या वडिलांवर सोपवला. मी म्हटलं, "आबा, पाराचं काय?" ते म्हणाले, "तू हायस की. येणाऱ्याला पाणी दे." आणि मिरजेहून गाडीत बसून गेले.

त्याला आता बरेच महिने झाले. पारावर आबांच्या नावापुढचा हिरवा ठिपका पुन्हा लागला नाही. 'धुकं'चाही नाही. इंटरनेटवर लिहिलं होतं, बरेच दिवस गप्प असलेली नावं काढून टाकावीत, मंच स्वच्छ राहतो. माझ्याबरोबर आता एक वर्गमित्र चालक आहे, तो परवा म्हणाला, "ही दोन खाती मेलेली हायत गं, काढू का?" मी नको म्हटलं.

काल न राहवून मी सेलमला फोन लावला. आबांनीच उचलला. मी म्हटलं, "आबा, बरे आहात ना?"

"बरा हाय, बरा हाय. पोरी, मागनं लाव गं, ही काय तरी सांगतीया."

त्यांना फोन बंद करायचं सुचलं नसावं. मला त्यांच्या सुनेचा आवाज ऐकू आला. तो मी कधीच ऐकला नव्हता. भाजीवाल्याशी तिचं काय झालं ते ती सांगत होती, मध्येच तमिळ, मध्येच मराठी, मध्येच हसू, लांबलचक, कुठे न थांबता. एका जागी ती थबकली. बहुधा आपण फार बोललो असं तिला वाटलं असेल.

"बरं," आबा म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"

मी हळूच फोन ठेवला.