न मिटलेली वही

मी भित्रा माणूस आहे हे आमच्या घरात सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. विहिरीत वाकून बघायचो नाही, होडीत बसायचो नाही, भाट्याच्या पुलावरून सायकल हाणायचो ती कठड्यापासून लांब, रस्त्याच्या मधोमध, आणि एसटीवाल्यांच्या शिव्या खायचो. पुढे नशिबाने कामही असं मिळालं की हा भित्रेपणा उपयोगी पडावा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठे काय दिसावं, बसलेल्या माणसाचं बोट कुठे जाईल, तो कुठे चुकेल, हे आधीच ओळखून पडदा आखायचा. या कामाला आता भारदस्त इंग्रजी नाव आहे आणि पोरं त्यात पदव्या घेतात. दोन हजार पाचच्या सुमारास रत्नागिरीत आम्हांला नुसतं 'स्क्रीनवाले' म्हणायचे.

मुंबईच्या एका कंपनीने माळनाक्यावर औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन इथे शाखा काढली होती. मी मुंबईत सहा-सात वर्षं हेच करून परत आलेला, म्हणून मला प्रमुख केलं. हाताखाली तिघं. एक लांज्याचा, एक पालीचा, आणि तिसरी बंदराच्या मोहल्ल्यातली एक मुलगी. तिचे वडील तांडेल होते, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. दोन चुलते आखातात. मुलगी कमी बोलायची, पण बोलायला लागली की मधेच गप्प बसायची नाही, वाक्य पुरं करायची.

मला मात्र समुद्रापेक्षाही गिऱ्हाइकाची भीती जास्त. गिऱ्हाईक समोर बसलं की माझी मान आपोआप हलायला लागायची. ते म्हणतील ते बरोबर, रंग त्यांच्या आवडीचा, बटण त्यांच्या मनातलं. पोरं मागे माझी नक्कल करतात हे मला माहीत होतं आणि ती नक्कल चांगली जमते हेही माहीत होतं.

तर बंदरावरच्या मच्छीमारांच्या एका संस्थेचं काम आलं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या अडतीस बोटी होत्या. कुठली बोट कधी गेली, माणसं किती, परत कधी आली, ही नोंद जेटीवरच्या एका खोपटात वहीत व्हायची. ती कॉम्प्युटरवर आणायची होती. संस्थेच्या वतीने सगळं ठरवणारे साहेब मुंबईचे होते. त्यांना रोज संध्याकाळी बोटीगणिक चोख उत्तर हवं होतं: 'आली' किंवा 'आली नाही'. उत्तर दिल्याशिवाय त्या दिवसाचं पान बंद होणार नाही, आणि पान बंद झाल्याशिवाय दुसऱ्या दिवसाच्या डिझेलच्या चिठ्ठ्या निघणार नाहीत. रिकामी जागा साहेबांना खपत नव्हती.

वही ठेवायचे ते चाचा. पूर्वी मोठ्या जहाजांवर होते, गुडघा गेल्यावर खोपटात बसले. त्यांना आख्खं बंदर चाचाच म्हणायचं. त्यांची पद्धत साधी होती. बोट आली की तिच्या ओळीत वेळ लिहायची, आली नसेल तोवर जागा कोरी ठेवायची. सगळ्या ओळी भरल्या की वही मिटून घरी जायचं. एकही ओळ कोरी असली तर वही मिटायची नाही. तिच्यावर जाळ्याला बांधायचं शिसं ठेवायचं, पान उडू नये म्हणून, आणि बसून राहायचं. संस्थेचा सेक्रेटरी घरी जाताना खोपटात डोकवायचा. वही उघडी दिसली की शोधाला मोठा ट्रॉलर काढायचा. कुणी कुणाला काही बोलायचं नाही.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं. मी त्या खोपटात एकदाच गेलो होतो, वीस मिनिटं, आणि त्यातली दहा जेटीच्या कडेपासून लांब उभा राहण्यात घालवली.

आमच्या मुलीला ठाऊक होतं. साहेबांसमोर आम्ही पडदा दाखवत होतो. हिरवा चौकोन म्हणजे आली, लाल म्हणजे आली नाही. ती मधेच म्हणाली, "सर, हे लाल बटण कोणी दाबणार नाही. चाचा तर नाहीच. बोट उशिरा असली तर आमच्यात 'यायची आहे' म्हणतात. आली नाही असं कोणी म्हणत नाही, लिहीत तर नाहीच. ती जागा कोरीच राहू दे."

साहेब हसले आणि माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं. मी म्हणालो, "सवय होईल हो. ही नवीन आहे." तिने आपली टिपणवही बंद केली आणि त्या दिवशी पुन्हा काही बोलली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पडद्याची चाचणी आम्ही माळनाक्यावर आमच्याच खोलीत घेतली. लांज्याचा मुलगा चाचा झाला. गुडघ्यावर हात ठेवून कण्हत कण्हत त्याने चार बोटींना 'आली नाही' दाबलं आणि आम्ही हसलो. त्याचं दर्यात कोणी नव्हतं. मुलगी खिडकीशी उभी होती, ती हसली नाही.

पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा दर्यात जायला लागल्या तसा कॉम्प्युटर खोपटात बसला. नारळीपौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी अडतीस हिरवे चौकोन. साहेबांनी फोन करून कौतुक केलं. इतक्या दिवसांत एकही बोट एकदाही उशिरा कशी आली नाही, हा प्रश्न मला पडला नाही. आयुष्यभर नको तिथे घाबरलो आणि जिथे घाबरायला हवं होतं तिथे पेढे वाटले.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. दुपारपासून वारा फिरला होता. आमच्या खिडकीची झडप आपटायला लागली म्हणून पालीच्या मुलाने ती सुतळीने बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना फोन वाजला. तीच होती, बंदरावरून बोलत होती.

"सर, पडद्यावर आमची बोट आलेली दिसते. बाबा आलेले नाहीत."

मी विचारलं, म्हणजे काय. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच सावकाश. मग जे सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी वारा वाढल्यावर सरकारी कचेरीतून सेक्रेटरीला विचारणा झाली, सगळ्या बोटी लागल्या का. सेक्रेटरीने पडद्यावर बघितलं, अडतीस हिरवे मोजले आणि सगळ्या लागल्या म्हणून कळवलं. शोधाला कोणी गेलंच नाही. घरच्यांना वाटलं ट्रॉलर गेलाय. पहाटे जेटीवर ट्रॉलर बांधलेला दिसला तेव्हा कळलं. बोटीवर सहा माणसं होती. ट्रॉलर आता निघाला होता.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. अर्धी दाढी तशीच होती. डोक्यात एकच आकडा, सहा. सहा, सहा, सहा. वाटेत मी देवाला जे जे कबूल केलं ते लिहायची लाज वाटते.

खोपटात पडदा चालू होता, कालचं पान, सगळं हिरवं. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, जुनी वही. उघडी. पानावर शिसं. एक ओळ कोरी होती. चाचांनी वही सोडलीच नव्हती, कॉम्प्युटर आल्यावरही ते दोन्हीकडे नोंद करत होते. घरी गेलेच नव्हते ते. डोळे लाल झाले होते.

मी विचारलं, "चाचा, मशीनवर 'आली' का दाबलंत?"

 ते म्हणाले, "मग काय दाबू?"

 मग तेच हळूहळू सांगत गेले. दाबल्याशिवाय पान बंद होत नाही, चिठ्ठ्या निघत नाहीत, बाकीच्या सदतीस बोटी सकाळी अडतात. म्हणून रोज सगळ्यांना 'आली' दाबायचं आणि खरं वहीत ठेवायचं. मागेही दोनदा एक-एक बोट दिवे लागल्यावर आली होती, तेव्हा वारा नव्हता म्हणून निभावलं. "वही उघडी व्हती ना," ते म्हणाले. "सेक्रेटरी वही बघतो. मला वाटलं त्यानं बघितलान." सेक्रेटरी दाराशी उभा होता. तो म्हणाला की मशीन आल्यापासून वहीकडे बघायचं त्याने सोडलं होतं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याची दया आली, आणि मग स्वतःचीही.

मुलगी जेटीवर आईजवळ बसली होती. मी जवळ गेलो. ती मला वाट्टेल ते बोलली असती तर मला सोसवलं असतं. ती फक्त म्हणाली, "सर, इतक्या कडेला नका उभे राहू." मी जेटीच्या अगदी कडेला उभा होतो. हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

अकराच्या सुमारास साहेबांचा फोन आला. त्यांनी मुंबईहून नोंदी तपासल्या होत्या. सात वाजून दहा मिनिटांनी चाचांनी स्वतः 'आली' दाबलं होतं. म्हणजे चूक माणसाची, पडद्याची नाही. तसं मी लिहून पाठवावं. माझ्या जुन्या मोबाईलचा आवाज मोठा होता आणि चाचा तीन पावलांवर वहीशी बसले होते. मी म्हणालो, "बघतो." आणि क्षणभर, एक क्षणभरच, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवसभरात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्या सुटकेची.

दोन वाजता खोपटातल्या वायरलेसवर ट्रॉलरचा निरोप आला. बोट वर गुहागरच्या बाजूला सापडली होती, इंजिन बंद, आत पाणी, ओढून आणताहेत. माणसं किती, असं सेक्रेटरीने ओरडून विचारलं. खरखर झाली. कुणीतरी पाच म्हटलं. मुलीची आई खाली बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा खरखर.  मग स्वच्छ आवाज आला, सहा, सहाही आहेत, एक जण आत निजला होता.

चाचांनी लगेच लिहिलं नाही. बोट जेटीला लागून सहावा माणूस उतरेपर्यंत थांबले, मग चष्मा पुसून वेळ लिहिली, शिसं उचललं आणि वही मिटली. त्यानंतर ते रडले.

त्याच आठवड्यात मी साहेबांना पत्र लिहिलं. पडदा मी चुकीचा आखला, मला आधी सांगितलं गेलं होतं, चाचांची चूक नाही. नोकरी जाणार असं धरून चाललो होतो. गेली नाही, साहेबांनी फक्त मला बैठकीला बोलावणं बंद केलं. माझ्या जागी ती मुलगी जायला लागली. लाल बटण तिने काढून टाकलं. तिच्या पडद्यावर बोट येईपर्यंत जागा कोरी राहते, तोवर पान मिटत नाही, तरी बाकीच्यांच्या चिठ्ठ्या अडत नाहीत. काढायला तिला एक दिवस लागला.

पण पत्राचं धैर्य माझं नव्हतं. ते मला हॉस्पिटलात मिळालं.

बोट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो होतो. ओठ फुटलेले, दोरानं सोललेल्या हातांना पट्ट्या. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीने सांगितलं, हे आमचे सर. तसे ते उठून बसायला लागले, मी नको म्हणालो तरी. मग आपणहूनच सांगू लागले.

"कोणाची बत्ती दिसते काय, बघत व्हतो. कोणची बोट ऱ्हायली की आम्ही जातो, तसे आमच्यासाठी पण येतात. किती जणांना आणलाय आम्ही. पोरांना म्हटलं, घाबरू नका, निघाले असतील." मग म्हणाले, "कोणच आलं नाय."

ते तक्रार करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग, घरी आलेल्या माणसाला दुसरं काहीतरी विचारावं म्हणून, त्यांनी विचारलं, "आमची पोरगी काम बरं करते ना? काय चुकत नाय ना तिचं?"

ती थर्मासमधून चहा ओतत होती. तिचा हात थांबला. 

मी म्हणालो, "तिचं नाही चुकलं. तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." आणि मग सगळं सांगितलं, त्या बैठकीपासून, साहेबांच्या हसण्यापासून, 'ही नवीन आहे' यासकट.  मधेच त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकलावं असंही वाटलं.

त्यांनी डोळे उघडले आणि मुलीला म्हणाले, "सरांना चाय दे."

तिने दिला. तो घेताना माझ्याकडून निम्मा बशीत सांडला, आणि तिने कप परत घेऊन, खाली ठेवून, पुन्हा भरला.