ओढ्यापलीकडचा एक तास

आमचं गाव बोलिव्हियात, बटाट्याची शेतं ओढ्यापलीकडे पेरूत. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे. थंडीत गोठलेले बटाटे, पाणी काढून वाळवण्यासाठी, पायांनी तुडवायला शेजारची हिलारियामावशी सहाला निघायची आणि सव्वापाचला पोचायची.

"निघायच्या आधीच पोचते मी!" ती नवऱ्याला चिडवायची.

"आणि परतताना तासभर म्हातारी होतेस," सिप्रियानो हसायचा.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका पहाटे सहाला सिप्रियानो गेला. आम्ही बायका रडायला जमलो, तर मावशी धुक्यातून ओढा ओलांडत होती. मी चिडून मागोमाग गेले.

"अगं मावशी, घरात मढं आणि तू शेतात?"

बटाट्यांवर ती अनवाणी उभी होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "इथे अजून साडेपाचच वाजलेत. तो झोपलाय."