शालीच्या सहा दशा

मुनव्वरने जन्मभर एकच काम केलं. फाटलेलं कापड फाटलंच नव्हतं असं करून द्यायचं. अकोल्याच्या जुन्या शहरात घराच्या ओट्यावर त्याची चार फुटांची जागा. चव्वेचाळीस वर्षं तिथेच मांडी. चष्म्याचा नंबर पाच वेळा बदलला, सुईचा एकदाही नाही. ‘संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्याला तो समोरच्या शिंप्याकडे पाठवी. शिंपी ठिगळ लावतो, आणि ठिगळाला संध्याकाळ पुरते. रफूला पुरत नाही.

सुई हातात देताना वडिलांनी त्याला एक गोष्ट सांगितली होती. रफू डोळ्याला दिसू नये, पण कानाला ऐकू आला पाहिजे. म्हणजे काम असं करायचं की कुणाला सापडणार नाही, आणि कापड दुसऱ्याच्या हाती देताना मात्र रफू आहे हे तोंडाने सांगायचं. न सांगता दिलं तर ती कारागिरी नाही, चोरी. मुनव्वरने हे पाळलं. जुने कोट रफू करून नवे म्हणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचं काम त्याने ऐन कडकीत सोडलं होतं.

धाकटी मुलगी निखत. तिची मंगनी अमरावतीला ठरली, रविवारी. मुलगा दानियाल. त्याच्या वडिलांनी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात माल तपासायच्या टेबलापाशी वर्षानुवर्षं नोकरी केलेली. त्यांना द्यायची शाल निखतने स्वतःच्या शिकवणीच्या पैशातून मोबाईलवर मागवली. कापड हात लावून घ्यावं, काचेवर बोट फिरवून नाही, असं मुनव्वर म्हणाला होता. पण पोरीची हौस होती.

सोमवारी दुपारी पार्सल आलं. निखत शिकवणीला गेली होती. मुनव्वरने खोकं उघडलं. शाल चांगली होती, अक्रोडी रंगाची, अस्सल लोकरीची. दुसरी घडी उलगडली तर मधोमध दोन बोटं लांब चीर. खोकं बांधणाऱ्याचं पातं आत उतरलेलं. सरळ, ताजी चीर.

इथे मुनव्वर चुकला. दुसऱ्या कुणी शाल तशीच ठेवून दिली असती. त्याने ती उजेडाकडे धरली, वीण पाहिली, टोकाला लोंबणाऱ्या सुट्या धाग्यांमधून, दशांमधून, सहा दशा एकमेकींपासून लांब लांब अशा उपटल्या, आणि सुई ओवली. डोकं विचार करायला लागेपर्यंत हात निम्म्यावर पोचले होते. आधी उभे धागे, मग आडवे, एकाखालून एक. उठला तेव्हा साडेतीन तास झाले होते.

निखत आल्यावर त्याने शाल तिच्यापुढे टाकली आणि चीर शोध म्हणाला. तिने उलटसुलट करून पाहिलं. सापडली नाही. त्याला हसू आवरेना. तेवढ्यात तिने विचारलं, “अब्बा, शिवायच्या आधी फोटो काढला होता?”

त्याचं हसू तिथेच राहिलं.

परत पाठवायला गुरुवारपर्यंत मुदत होती. तशी दुसरी शाल कंपनीकडे शिल्लक नव्हती. पैसे मात्र माल उचलला त्याच दिवशी परत मिळणार होते, आणि त्या पैशातच रविवारच्या आत दुसरी घ्यायची होती. घरात त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. मंगनीच्या खर्चाने हात आधीच बांधलेले. निखतने फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटोत दोष आढळत नाही. तिने लिहिलं, दोष होता, वडिलांनी दुरुस्त केला. उत्तर आलं, फोटोत दोष आढळत नाही. तिसऱ्यांदा कळवल्यावर ठरलं की गुरुवारी माणूस येईल, डोळ्यांनी पाहील, आणि फाटलेली दिसली तरच नेईल.

त्याच्या बायकोचं, हलीमाबीचं, म्हणणं सोपं होतं. शाल द्यावी आणि मोकळं व्हावं.

“व्याही काय भिंग घेऊन बसून राहिले? तुमच्या पोरीले सापडला नाही, त्यायले काय सापडते?”

“मले तर माहीत हाय ना.”

“मंग सांगून द्या.”

भर मंगनीत, सगळ्यांसमोर, व्याह्याच्या खांद्यावर शाल टाकून ती फाटकी आहे हे सांगायचं. हलीमाबीला स्वतःलाच ते कसं दिसेल हे दिसलं, आणि ती चुलीकडे वळली. जाता जाता म्हणाली, माणसाने हुशार असावं, पण इतकं नाही.

मंगळवार आणि बुधवार मुनव्वर धड बसला नाही. ओट्यावर मांडी घालायचा, सुईत दोरा ओवायचा, उठायचा. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचा. चहा अर्धा राहायचा. एका वकिलाच्या पँटचं जळकं भोक घेतलं, वीण चुकली, सगळं उसवून पुन्हा घेतलं, पुन्हा चुकली. असं त्याचं तरुणपणीही झालं नव्हतं. दर तासाला आत जाऊन शाल उघडायचा आणि रफूवर अंगठा फिरवायचा. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट नव्हता.

गुरुवारी दुपारी चंदन आला. या भागातली पार्सलं त्याच्याकडेच असत. गाडी चालूच ठेवून तो ओट्याशी उभा राहिला. अजून सतरा घरं बाकी आहेत म्हणाला. शाल पाहिली, पालथी केली, मोबाईल वर धरला.

“चाचा, हे तर नवीकोरी हाय. मी फोटो कायचा काढू?”

मुनव्वरने जागा दाखवली. चंदनने डोळे बारीक केले. त्याला काही दिसलं नाही. मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं, कुणी पाहून नाही राहिलं, एक ब्लेड मारा, दोन मिनिटांत काम. निखतने बापाकडे पाहिलं. तिचीही तीच इच्छा होती.

“चव्वेचाळीस वर्षांत मी कापडाले पातं लावलं नाही,” मुनव्वर म्हणाला. “दहा मिनिटं थांब. गाडी बंद कर, पेट्रोल जाऊन राहिलं.”

तो मांडी घालून बसला. सुई घेतली, या वेळी दोऱ्याविना. रफू कापून काढता येत नाही, आजूबाजूची वीण जाते. तो घातला तसाच उलटा काढावा लागतो. शेवटचा धागा आधी. आडवे निघाले, मग उभे. साडेतीन तासांचं काम नऊ मिनिटांत मांडीवर पडलं. चीर उघडी झाली, होती तेवढीच. एक धागाही वाढला नाही.

चंदनने फोटो काढला. मोबाईलने माल स्वीकारला. निखतने श्वास सोडला आणि शाल पिशवीत घालू लागली.

“थांब,” मुनव्वर म्हणाला. “टोकाच्या सहा दशा मी उपटल्या. त्या पातं लागून गेल्या नाहीत. ते लिही.”

निखतने त्याच्या कोपराला चिमटा काढला. आता पुन्हा नकार आला तर रविवारी हात हलवत जावं लागणार होतं. मुनव्वरने कोपर बाजूला घेतलं.

चंदनने मोबाईल त्याच्यापुढे धरला. “लिहू कुठी? यात फाटलं का, हो किंवा नाही, इतकंच इचारते. दशाचा रकानाच नाही.”

“मंग तोंडानं सांगजो.”

“कोणाले?”

“जो माल घेईन त्याले.”

चंदनने मान डोलावली आणि गाडीला किक मारली. उन्हं कलताना होणाऱ्या असरच्या नमाजाआधी पैसे परत आल्याचं निखतच्या मोबाईलवर उमटलं.

शनिवारी टिळक रोडवर दुसरी शाल घेतली. मुनव्वरने ती दुकानाच्या दारात उन्हाला धरून इंच इंच पाहिली. दुकानदार म्हणाला, चाचा, घ्यायची आहे की वाचायची? रविवारी अमरावतीत ती व्याह्याच्या खांद्यावर पडली. व्याह्याने सवयीने काठ चिमटीत धरला, उलटा केला, अंगठ्याने चोळला, आणि म्हणाला, “रफूगराच्या घरची शाल. जरा पाहूनच घ्या लागते.”

सगळे हसले. मुनव्वर हसला नाही.

“रफू नाही. असता तर सांगितला असता.”

व्याह्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काठ सोडला.

तरी त्याला चैन नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो दोनदा जागेवरून उठला. हलीमाबीने विचारलं, आता काय राहिलं? तो म्हणाला, दशा.

पुढच्या बुधवारी शेजारच्या घरी पार्सल द्यायला चंदन आला. मुनव्वर ओट्यावरून उतरून त्याच्या गाडीपाशी गेला.

“सांगितलं का?”

“सांगितलं ना, चाचा.”

“कोणाले?”

“गोडाऊनच्या चौकीदाराले. दुसरं कोणी नव्हतं तिथी.”

“काय म्हणे?”

“म्हणे, बरं.”

मुनव्वर ओट्यावर परत आला, मांडी घातली, आणि वकिलाची पँट उचलली. या वेळी वीण चुकली नाही.