पट्टेकाकांचं अस्तर

घड्याळाचा पट्टा कसा असावा, हे पट्टेकाकांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की सुई खाली, चष्मा कपाळावर, आणि सुरू! "धातू कातडीला लागता कामा नये. लागला की घाम, घामाची खाज, आणि खाजवणारा शिव्या देणार आपल्याला!" एकतीस वर्षं ते चामड्याचे पट्टे शिवत होते. पण आता साधी घड्याळं घालतो कोण? कारखान्यातल्या सहा मशिनांपैकी पाच झाकलेली. उरलेले दोघे : काका आणि मशिनवरच्या वहिनी.

एक दिवस मालक जवळजवळ उड्या मारतच आले. थोरल्या मालकांचा हा मुलगा दर वाक्यात एक तरी इंग्रजी खिळा ठोकायचा. "काका, स्कोप आहे, स्कोप! पावलं मोजतात, झोप मोजतात, नाडी मोजतात, सगळं मनगटावर! यंत्र कुणीही बनवू दे, बांधायला पट्टा लागणारच की! एका कंपनीला चामड्याचा हवाय. चाळीस नमुने पास झाले तर पन्नास हजारांची ऑर्डर. नाही झाले, तर..." पुढचं त्यांनी झाकलेल्या मशिनांकडे बघून सांगितलं.

"त्यांची तक्रार काय?"

"रॅश. मनगटावर लाल चट्टे उठतात."

"मग बरोब्बर माणसाकडे आलेत!"

मापासाठी कंपनीनं घड्याळाची नुसती रिकामी डबी पाठवली होती. आत यंत्र नाही. डबीच्या पाठीवर फुगीर गोल काच. काकांनी ती स्वतःच्या मनगटावर दाबली. टोचली. काका गालात हसले. चोर सापडला होता. त्यांनी कोकराचं सगळ्यात मऊ कातडं काढलं, पातळ तासलं आणि डबीखाली अख्खं अस्तर दिलं. तीन आठवडे दुसरं काही नाही. "जेवताना तरी बोटं थांबवा," काकू म्हणायच्या, "ताटाला टाके घालाल!"

कंपनीच्या मॅडम आल्या. खरं यंत्र पट्ट्यात बसवून त्यांनी ते मालकांना बांधलं. पडद्यावर दोन आडव्या रेघा.

"नाडी लागत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी हात झटकला, वर केला, खाली केला. रेघाच.

"मालक, श्वास घेताय ना?" वहिनींनी विचारलं. सगळे हसले, काका सगळ्यात मोठ्यानं.

मॅडमनी पट्टा उलटा केला. बोट फिरवलं. "किती मऊ आहे हो! हे कुणी लावलं?"

"मी," काका पुढे सरकले. "आता काही टोचणार नाही."

"काका, टोचू दे ना! त्या काचेतून उजेड आत जातो, त्यानं नाडी कळते. काच कातडीला चिकटायलाच हवी. तुम्ही यंत्राचे डोळेच बांधलेत."

काकांनी पट्टा ओढून घेतला. "आत्ता अस्तराला खिडकी पाडतो, पाच मिनिटं!" पाडली. डबी पट्ट्यात खुळखुळायला लागली; सगळं माप अस्तरासकट धरलेलं. मॅडम घड्याळ बघत होत्या. मालक काकांकडे बघत नव्हते.

ऑर्डर मात्र गेली नाही. आठवड्याभरात मालकांनी ती रबराच्या पट्ट्यांवर मिळवली. साच्यातून पट्टा अख्खा निघतो, टाका नाही की सुई नाही. वहिनींना पॅकिंगला घेतलं. काकांना म्हणाले, "तुम्ही खूप केलंत काका. आता जरा रेस्ट घ्या." चांगला मुलगा, ओरडला असता तर बरं झालं असतं.

काका चाळीसच्या चाळीस नमुने घरी घेऊन आले. टाके उसवले, खिडक्या कोरल्या, कडा दुमडून पुन्हा शिवल्या. दहाव्या दिवशी काका पिशवी घेऊन कारखान्यात हजर.

चाचणीचं यंत्र मालकांकडेच राहिलं होतं; ते बसवून त्यांनी एक बांधला. नाडी लागली. ब्याऐंशी. "वा काका, परफेक्ट!" ते मनापासून म्हणाले. आणि मग, हळूच, "पण त्यांनी आता डबीच बदललीय. रबराच्या साच्यात ती नीट बसत नव्हती ना... हे ठेवा तुम्ही. कुणाच्या तरी घड्याळाला होतील."

"नाही होणार," काका म्हणाले. "त्याच डबीच्या मापाचे आहेत. दुसऱ्या कशालाच बसणार नाहीत."

"मग?"

काकांनी मालकांच्या मनगटावरचा पट्टा स्वतःच सोडवला, कातडीवर वळ उठलाय का ते बघितलं. उठला नव्हता.