गनपतचा न

एका सकाळी डाळीला फोडणी देऊन मी मोरीत बसले होते आणि ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवरचा सोनेरी डाग रॉकेलनं घासत होते. गॅसवर दूध होतं, नळाची वेळ संपत आली होती. "कुठं लागला हा?" मी विचारलं. "लागला कुठंतरी," पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले. दरवर्षी तोच डाग, तेच उत्तर.

डाग उरणकडून यायचा, एवढं मला माहीत होतं. ह्यांचा पलटणीतला मित्र हसुराम तिकडचा. बर्फातल्या चौकीवर तो गेला, हे परत आले. त्याच्या गावात त्याचं स्मारक आहे. फौजेतून सुटल्यावर आम्ही साताऱ्याकडून कोपरखैरण्याला आलो, हे तुर्भ्याच्या एका कंपनीत गेटवर लागले. पण हसुराम गेला त्या दिवसाची रजा कधी चुकली नाही. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि मी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र मी आठवण करून दिल्याशिवाय कळायचा नाही. "मी येऊ का?" म्हटलं की म्हणायचे, "तिथं काय बघायचंय? दगड आहे." मला त्या दगडाचा हेवा वाटायचा. हसू नका.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. वाचनालयातून आणून आणून मी बरीच प्रवासवर्णनं वाचली. लोक कुठं कुठं जातात! म्हटलं, आपण निदान तो दगड बघून येऊ. भाचीनं हा ब्लॉग काढून दिलाय, तर लिहितेही.

जाणाऱ्यांसाठी सांगते, कोपरखैरण्याहून उरणची बस मिळते. सकाळी लवकर निघा, नाहीतर बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकाल. द्रोणागिरीच्या फाट्यावर उतरून शेअर रिक्षा. पाणी घरून न्या, वाटेत गोदामं आणि कंटेनर, झाड औषधालाही नाही.

स्मारक गावाच्या चौकात आहे. एका बाजूला नवा टॉवर, दुसऱ्या बाजूला मासळीवाल्या बसलेल्या. काळा दगड, वर बंदूक आणि हेल्मेट. अक्षरांचा सोनेरी रंग अर्धा उडालेला. वाचलं आणि थबकले. 'हसुराम गनपत'. ण च्या जागी न! शिकलेल्या माणसांनी उभारलेल्या स्मारकावर?

"कोन गो तू? कवाची दगडाला बगतेस," समोरच्या ओटीवरून एक म्हातारी ओरडली. मी ह्यांचं नाव सांगितलं. ती उतरून आली, माझा हात धरला. "हवालदाराची बायको! मंग उनात काय उभी? चल घरान."

ती हिराबाय, हसुरामची बायको. तिनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. म्हणाली, "हवालदार दोन भाकऱ्या खायाचा." घरी मासळीच्या वासानं नाक मुरडणारा माझा नवरा!

मग कळलं, दरवर्षी हे ब्रश घेऊन ती अक्षरं रंगवायचे. "आनि दरसाली भांडन," हिराबाय सांगू लागली. "बोलाचा, वहिनी, कागदावर गणपत आहे, ण पाहिजे. मी बोलाची, माजा सासरा गनपतच होता, तुज्या सातारच्या ण ला हितं कोन वलखतो? मंग हसाचा, डोल्याला पानी येईपर्यंत."

हसायचे. आमच्या घरात हे जेवढ्यास तेवढं बोलायचे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी बोलून गेले, "तुमचं बरंय. दगडावर नाव, सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत खुर्ची, लोक वीरपत्नी म्हणतात. आमच्या ह्यांचं नाव कुठंय? लाइटच्या बिलावर."

हिराबाय रागावली नाही. पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मी तर तुजेवर जलाची गो."

"माझ्यावर?"

"हवालदाराचा शर्ट बगून. कडक इस्तरी, सगली बटनं जाग्यावर. ह्याला घरान कोनतरी हाय, त्याचा शर्ट सांगाचा. मंग तो रंग लावून उठला का मी रंगाचं बोट बाहीला पुसाची. मनात बोलली, बस आता घासत."

"ह्यांना माहीत होतं?"

"नाय कसा? हात पुढं कराचा मुकाट्यानं."

"रॉकेलनं माझी बोटं सोलायची!"

"बरा झाला," हिराबाय म्हणाली आणि तिनं आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली.

निघताना ती चौकापर्यंत आली. "मी रंगवाया गेली तं माजा हात कापतो. पोरं बोलतान, डिजिटल बोर्ड लावू. त्यावर ण टाकतील मेले." तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. मीही काही कबूल केलं नाही. बस भरलेली होती, तुर्भ्याच्या अलीकडे बसायला मिळालं.

घरी येऊन कपाट उघडलं. ह्यांचा एकच शर्ट मी ठेवलाय. त्याच्या बाहीवर पुसट पिवळं अजून आहे, तिचं बोट आणि माझं रॉकेल. दगडाचा हेवा आता वाटत नाही. त्या हसण्याचा वाटतो, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्टरातल्या हार्डवेअरच्या दुकानातून सोनेरी ऑइलपेंटची छोटी डबी आणि ब्रश घेतला, साडीवरून ह्यांचा तो शर्ट चढवला आणि पुन्हा उरणची बस धरली. अक्षरं रंगवली, गनपतचा न तसाच ठेवला. लाडू मात्र मुद्दाम नेले नाहीत.