वासावरचा स्वयंपाक

साळूबाईनं आठ वर्षं कोरियन जेवण रांधलं आणि त्यातला एक घासही कधी तोंडात घातला नाही. गळ्यात तुळशीची माळ होती. माहेरी, राहू गावात, सोळाव्या वर्षी बापानं ती घालायला लावली होती. तेव्हापासून मासळी-मटण वर्ज्य. कारेगावात आल्यावर तिथल्या एका कंपनीच्या तीन कोरियन साहेबांच्या फ्लॅटवर स्वयंपाकाचं काम चालून आलं, तेव्हा नवऱ्यानं, हौशीरामनं, दोन अटी घातल्या. चाखायचं नाही, आणि घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय शेगडीला शिवायचं नाही. तोही माळकरीच. "हाताला लागलं तर धुता येतंय," तो म्हणाला होता, "जिभंला लागलं तर कशानं धुनार?"

मग ती नाकानं शिकली. शिकवायला त्या तिघांतल्या चोईसाहेबांची बायको तीन महिने येऊन राहिली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाई पातेल्यातला रस चमच्यात घेऊन पुढं करायची, साळूबाई माळेवर हात ठेवून मान हलवायची. शेवटी बाई स्वतःच चाखायची, समाधानानं डोळे मिटायची, आणि नेमक्या त्या क्षणी साळूबाई पातेल्यावर वाकून वाफ ओढून घ्यायची. हा वास म्हणजे बरोबर. सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचा वास तिला गोठ्यात भिजत घातलेल्या पेंडीसारखा वाटला. त्याची तिला घाण वाटली नाही, उलट माहेर आठवलं. सुक्या माशांचं पाणी उकळताना आधी ओल्या पोत्याचा वास येतो, मग तो निघून जातो आणि काहीतरी गोडसर उरतं. तिथं गॅस बंद. किमचीच्या, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्याच्या, बरणीचं झाकण उघडून ती रोज सकाळी हुंगायची आणि ठरवायची, आज नाही, परवा. मिठालासुद्धा वास असतो असं ती सांगायची. शेजारणी हसायच्या. पण तिच्या हातचं मीठ कधी चुकलं नाही.

निघताना बाईनं तिला 'इमो' म्हणून हाक मारली. त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात, हे सत्यजीतनं सांगितलं. साहेब लोकांचं घर, गाडी, पाणी असलं सगळं कंपनीतर्फे तोच बघायचा. तेव्हापासून फ्लॅटवर तिचं नाव इमो. रविवारी दुसऱ्या इमारतीतले चार-पाच साहेबही जेवायला यायचे. जेवण झालं की चोईसाहेब खुर्चीतून उठायचे आणि तिच्यापुढं कमरेत वाकायचे. साळूबाईनं पन्नाशी ओलांडली होती. तिच्यासाठी याआधी कुणी उठून उभं राहिलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिला ताप आला. चार दिवसांत उतरलाही. पाचव्या दिवशी घरात दूध करपलं, खोलीभर धूर झाला, आणि ती शेगडीकडं पाठ करून लसूण सोलत बसली होती. हौशीराम बाहेरून धावत आला. नाक चोंदलंय का, त्यानं विचारलं. नाक मोकळं होतं. तिनं हिंगाची डबी उघडली. हातातला लसूण ठेचला. फिनेलची बाटली नाकाला लावली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वास आला नाही.

"बरं झालं की," हौशीराम म्हणाला, "कारेगावच्या गटारीचा तरी तरास न्हाई."

ती हसली नाही, तेव्हा तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांत येईल, किंवा येणारही नाही. औषध असं काही नाही.

फ्लॅटवर तिनं कुणाला सांगितलं नाही. दोन आठवडे ती रंगावर आणि आठवणीवर रांधत राहिली. साहेबांना भात जास्त लागायला लागला, कालवण उरायला लागलं. पण चोईसाहेब अजून वाकत होते, आणि तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली. मग एकदा रात्रभर वीज गेली. फ्रीजमधले बांगडे तिनं दुपारी नेहमीसारखे मीठ लावून भाजले. चोईसाहेबांनी एक तुकडा तोंडात घातला, थांबले, तिच्याकडं बघितलं आणि तो तसाच गिळला. वर हसले. पुढचे दोन दिवस ते कामावर जाऊ शकले नाहीत.

सत्यजीत आला तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. तो चिडला नाही. "मावशी, आधी सांगायचं ना. आता एक करा, थेंबभर चाखत जा. कोण बघतंय तुम्हाला?"

"बघायला कुनी कशाला पायजे?" ती म्हणाली.

तरी दुसऱ्या दिवशी, साहेब कामावर गेल्यावर, तिनं गळ्यातली माळ काढली. माळ ठेवायला त्या घरात देव्हारा नव्हता. तिनं ती स्वच्छ रुमालात गुंडाळून खिडकीत ठेवली. मग चमचाभर रस जिभेवर घेतला. गरम होता. खारट होता. बस. तिनं आणखी एक चमचा घेतला. खारट होता हे खरं, पण किती खारट असायला हवा? आठ वर्षं ती हेच रांधत होती आणि ते कसं लागतं हे तिला कधी माहीतच नव्हतं. जीभ बाटवली, आणि जिभेला ओळख पटवायला आत काही नव्हतंच.

संध्याकाळी तिनं ते हौशीरामला सांगितलं. तो ओरडला नाही. त्या दिवसापासून तो प्यायचं पाणी आपल्या हातानं घेतो.

कंपनीनं तिच्या जागी दार्जिलिंगकडचा, चाळिशीचा एक स्वयंपाकी आणला. काम सोडण्याआधी त्याला आठ दिवस शिकवाल का, असं सत्यजीतनं अवघडून विचारलं, आणि ती हो म्हणाली. माणूस भला होता. दीदी म्हणायचा, वहीत लिहून घ्यायचा. पेस्ट कितना, नमक कितना, तो विचारायचा. तिला सांगता येईना. हात घालत जायचा आणि नाक त्याला थांबवायचं, एवढंच तिचं माप होतं.

पहिल्या दिवशी सुक्या माशांचं पाणी उकळायला लागलं. "बंद कब करना है, दीदी?" त्यानं विचारलं. ती सवयीनं पातेल्यावर वाकली. तोंडावर वाफ आली, डोळे मिटले. तो पेन धरून वाट बघत होता. कधीतरी बोलायला तर हवंच होतं.

"अब," ती म्हणाली.

त्यानं घड्याळात बघितलं आणि वहीत अकरा मिनिटं असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती नवव्याच मिनिटाला 'अब' म्हणाली. त्यानं वही चाळली. "कल तो ग्यारह बोला था, दीदी."

"तो ग्यारह," साळूबाई म्हणाली आणि गॅसपासून बाजूला झाली.