जुन्या टीव्हीचा वकील

जठारपेठेतला आमचा केबलवाला बोलायचा कमी, भांडायचा जास्त. घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसवायची वेळ आली तेव्हा तर त्याचा पारा उतरेचना. भिंतीला शिडी लावतानाच सुरू व्हायचा, "हे दुकानदार लोकायले काहून भेव दाखवून राहिले? टीव्ही जुनाच चालते, फक्त डब्बा नवा लागते."

एका सकाळी शेजारच्या मावशींचा जुना टीव्ही त्याला भंगारवाल्याच्या गाड्यावर दिसला. त्यानं गाडा अडवला, टीव्ही उतरवून मावशींच्या ओट्यावर ठेवला, घरातून वायर ओढली आणि पिशवीतला बॉक्स जोडला. चित्र लख्ख आलं. मावशी पदरानं काच पुसत राहिल्या. मीही ओट्यापाशीच उभा होतो.

"मावशी, हा चालनार नाही असं तुमाले सांगतलं कोनं?"

"सांगतलं असंच कोनीतरी," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुकानदाराचं ऐकून आदल्या दिवशी त्यांना हे पटवणारा मीच होतो.

"त्या दीडशहान्याले माह्याकडे धाडा," म्हणत त्यानं टीव्हीची एक बाजू उचलली. दुसरी मी उचलली.